बामणोलीच्या 'मोर-नीळकंठ संकरा'बद्दल

साताऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लांब शेपटीच्या निळ्या पक्ष्याचे दोन फोटो फिरतायत. सोबतचा मजकूर असा: 'बामणोलीच्या जंगलात दिसलेला दुर्मिळ पक्षी. मोर आणि नीळकंठ यांचा संकर. लाल चोचीचा नर, पिवळ्या चोचीची मादी.' यातलं एकही विधान खरं नाही.

आधी संकराचं बघू. मोर हा कोंबड्या-तित्तिरांच्या कुळातला. नीळकंठ, म्हणजे आपल्याकडे विजेच्या तारेवर बसलेला दिसतो तो नीलपंख, खंड्या आणि वेड्या राघूच्या गणातला. मोराचं पिल्लू अंड्यातून निघालं की थोड्याच वेळात लांडोरीमागे धावू लागतं; नीलपंखाचं पिल्लू ढोलीत उघडंवाघडं, डोळे मिटून पडलेलं असतं. इतक्या लांबच्या पक्ष्यांचा संकर होतच नाही.

फोटोतला पक्षी चक्क कावळ्याच्या कुळातला आहे. निळे मॅगपाय म्हणतात त्यांना. शास्त्रीय प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) युरोसिसा, तिच्यात पाच जाती.

आता नर-मादी. या पक्ष्यांत नर आणि मादी सारखेच दिसतात. लाल चोचीची आणि पिवळ्या चोचीची या दोन स्वतंत्र जाती आहेत. फोटो मोठा करून मान बघा. लाल चोचीवाल्याच्या डोक्यापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा उतरलाय. पिवळ्या चोचीवाल्याचं डोकं काळं, मागे पांढरा ठिपका तेवढा. तैवानच्या जातीत तो पांढरा रंगही नाही. श्रीलंकेच्या जातीचं डोकं आणि पंख तांबूस. आणि पाचवी, व्हिएतनाम, लाओस आणि चीनच्या हैनान बेटावरची, तर निळी नाहीच, काळी-पांढरी! तरी ती याच प्रजातीत आहे. नुसत्या रंगावरून नातं ठरवायला गेलं की असे घोटाळे होतात.

राहिलं बामणोली. लाल चोचीचा पक्षी हिमालयापासून चीन-व्हिएतनामपर्यंत राहतो, पिवळ्या चोचीचाही हिमालयात राहतो, पण जास्त उंचीवर. सह्याद्रीत पाचांपैकी एकही जात नाही. त्यामुळे कॅमेरे घेऊन कोयनेच्या जंगलात कुणी शिरू नये, ही कळकळीची विनंती.

लांब शेपटीचा कावळ्याचा भाऊबंद बघायचाच असेल तर टकाचोर आहे ना! तांबूस अंग, राखाडी डोकं, शेपटीचं टोक काळं. सातारा-सांगलीत गावाजवळच्या आमराईतही तो भेटतो. त्याचा फोटो काढा, ठिकाण खरं लिहा आणि खुशाल ग्रुपवर टाका.