शनिवार-रविवारच्या पानांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका, सप्रेम जय ख्रिस्त.

हवाई बेटांवरील कोना येथे मी केलेल्या शिष्यत्व प्रशिक्षणावरचा (ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जगण्याच्या शिक्षणावरचा) माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि मनातले स्पष्ट लिहिलेत, याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा: नगर जिल्ह्यातील आपल्या चर्चच्या ज्या मंडळीने मजुरीतले पैसे बाजूला काढून मला पाठवले, तिला मी वर्गातील शिक्षणाबद्दल चार ओळी आणि शनिवार-रविवारच्या बाजार, समुद्र, स्वयंपाक यांबद्दल चार पाने दिली, यात प्रशिक्षण कोठे आणि सहल कोठे? शिवाय हे शिक्षण पुण्यातही मिळाले असते, असेही आपण म्हणता.

पुण्याचा मुद्दा आधी घेते. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होण्यासाठी ईश्वरविज्ञान शिकायचे असते, तर मी पुण्यालाच गेले असते. यवतमाळहून 1983 मध्ये तेथे आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेल्या पाळकांच्या हाताखालीच मी वाढले आहे. मी निवडलेला अभ्यासक्रम वेगळा आहे. लॉरेन कनिंगहॅम यांनी 1960 मध्ये स्थापन केलेल्या 'यूथ विथ अ मिशन' या संस्थेच्या या प्रशिक्षणात सुमारे तीन महिने वर्ग आणि त्यानंतर दोन-तीन महिने प्रत्यक्ष सेवाकार्य असते, आणि त्यातून पदवीधर पाळक नव्हे, तर परक्या माणसांत राहून सेवा करू शकणारा विश्वासी घडावा, अशी अपेक्षा असते.

म्हणूनच मला शनिवार-रविवार महत्त्वाचे वाटतात. सोमवार ते शुक्रवार प्रार्थना, व्याख्यान, नेमून दिलेले काम, सारे वेळापत्रकात बांधलेले असे. त्या बांधणीत कोणीही शिस्तीचे दिसते. शनिवारी सकाळी उठवायला कोणी नसे, कोणाशी बोलायचे हे कोणी सांगत नसे, आणि आठवडाभर वहीत उतरवलेले अंगी किती मुरले आहे, हे तेव्हाच कळे. सुरुवातीचे दोन शनिवार मी खोलीत झोपून आणि घरच्या आठवणीने रडून घालवले, हे मी लेखात लिहिले नव्हते. ते लिहायला हवे होते.

तिसऱ्या शनिवारी बाजारात मला अळूची पाने दिसली. विकणारी आजी हवाईची मूळ रहिवासी होती. तिला ख्रिस्ताविषयी साक्ष कशी द्यायची याची जुळवाजुळव मी मनात करत होते, तोच तिने माझ्या हातातील जुडी काढून घेतली आणि एक पान उलटे धरून देठाकडच्या शिरेवर अंगठ्याचे नख टेकवून दाखवले, की खाज येथे असते, हे नीट शिजव. मी तिला सांगितले की आमच्याकडे त्यासाठी चिंच लावतात, बेसनाचे सारण लावून पानाची गुंडाळी करतात, उकडतात आणि मग तळतात. ती पुन्हा पुन्हा विचारू लागली. मग तिने सांगितले की अळू हा त्यांच्या लोकांचा थोरला भाऊ मानला जातो, त्याचे कंद कुटून केलेली पोई हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे, आणि ते वाढलेले असताना घरात भांडायचे नाही, असे तिच्या आजीने तिला शिकवले होते. तासभर मी केवळ ऐकत होते. आधी ऐकावे आणि मग बोलावे, हे वर्गात मी तीन आठवडे लिहून घेतले होते. पाळले मात्र त्या दिवशी प्रथमच. काका, ती अळूवडी लेखात आली ती या कारणाने.

रविवारी आम्ही कैलुआ गावातील मोकुआइकाउआ चर्चमध्ये उपासनेला जात असू. ती 1837 मध्ये पूर्ण झालेली, लाव्हाच्या दगडांची, पोवळे जाळून केलेल्या चुन्याने सांधलेली इमारत आहे. 1820 मध्ये 'थॅडियस' जहाजातून आलेल्या ज्या मिशनऱ्यांनी ही मंडळी उभी केली, त्यांना अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवले होते. त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले, आणि त्याच बोर्डाच्या लोकांनी 1831 मध्ये नगरला काम सुरू केले. आपण आणि मी ज्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला, तिचे मूळ तेच. त्या बाकावर बसून मला हे उमगले तेव्हा मी परदेशात आहे असे वाटेना.

तेथील एका वृद्ध सभासदाने उपासनेनंतर मला या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली. मिशनऱ्यांनी हवाईच्या भाषेला लिपी दिली, 1839 मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्र त्या भाषेत आले. पण 1893 मध्ये राणी लिलिउओकलानी यांना सिंहासनावरून दूर करणाऱ्यांत मिशनरी घराण्यांतील लोक होते, नंतर सत्तेवर आलेल्या सरकारचे अध्यक्ष सॅनफर्ड डोल हे मिशनऱ्याचेच पुत्र होते, आणि 1896 च्या कायद्याने शाळांतून तीच भाषा हद्दपार झाली. सेवेला निघालेल्या मुलीने हे त्या लोकांच्याच तोंडून ऐकणे मी प्रशिक्षणाचाच भाग समजते, आणि यावर माझे मत बदलणार नाही.

आता मंडळीच्या पैशाबद्दल. पैन् पैचा हिशेब मी परत आल्यावर पंचांपुढे ठेवला आहे. वर्गातील शिक्षणाबद्दल कमी लिहिले, ही आपली तक्रार मात्र योग्य आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन. पण चार पाने शनिवार-रविवारवर का, याचे खरे कारण वेगळे आहे. कोना आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. तेथे शनिवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, आणि आपल्या चर्चमध्ये रविवारचे दहा. माझी मावशी फोन बाकावर ठेवी, पेटीचा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनाचा आवाज मला ऐकू येई, आणि उपासना संपल्यावर मागच्या ओळीतल्या बाया, ज्यांच्या मजुरीतून माझे तिकीट निघाले होते त्याच, एकेक करून फोन हातात घेत. व्याख्यानाबद्दल त्यांनी मला कधी विचारले नाही. त्या विचारीत, "पोरी, तिकडं खातीस काय? आज सुट्टीचं कुठं गेलीस? तिथली माणसं बोलत्यात का तुझ्याशी?"

तो लेख मी त्यांच्यासाठी लिहिला होता.