शिक्षा संत्र्याला

लहानपणी एकदा वळणावळणाच्या रस्त्यावर मला जबरदस्त गाडी लागली. निघण्याआधी मी संत्रं खाल्लं होतं. उलटी वळणांमुळे झाली हे तेव्हाही कळत होतं. पण पोटाने ठपका ठेवला संत्र्यावर, आणि आज चाळिशी ओलांडल्यावरही त्याचा वास आला की घशाशी येतं. गाडीचं, वळणांचं काहीच वाटत नाही!

जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग या मानसशास्त्रज्ञांचा १९६६ मधला प्रयोग वाचला तेव्हा हायसं वाटलं. उंदरांना चव घातलेलं पाणी दिलं, आणि ते पिताना दिवा लागेल, टकटक आवाज होईल अशी सोय केली. ज्या उंदरांना मळमळेल असं केलं, ते पुढे त्या चवीपासून दूर राहिले. ज्यांना विजेचा झटका बसला, त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. मळमळलं की दोष खाल्ल्या-प्यायल्याचा, दुखलं की दिसल्या-ऐकल्याचा. खाण्याआधीचा आवाज ऐकूनच लाळ गाळायला शिकलेल्या पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट ऐकून वाटतं की काहीही कशालाही जोडता येतं. तसं नाही. शरीराचा कल आधीच ठरलेला असतो.

म्हणून ‘अनुभवाने माणूस शहाणा होतो’ असं कुणी म्हटलं की मी सावध होतो. शिकतो नक्की. शहाणा होतोच असं नाही.

घरातलंच बघा. मूल मोबाईलसाठी रडतं. आपण नऊ वेळा नाही म्हणतो आणि दहाव्यांदा, पाहुणे बसलेत म्हणून, देऊन टाकतो. आपल्या हिशेबाने आपण बऱ्यापैकी ठाम. मूल मात्र एवढंच शिकतं की रडत राहिलं तर कधी ना कधी मिळतं. दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय जास्त चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांतून दिसलं. जुगाराची यंत्रंही याच जोरावर चालतात. शिवाय मोबाईल हातात पडताच घरात शांतता होते, ते बक्षीस आपल्याला! म्हणजे शिकवणी दोन्हीकडून चालू. मोबाईल कायमचा बंद करायचं ठरवलं, तर सुरुवातीला रडणं अनेकदा आणखी वाढतं. नेमके तिथेच आपण हरतो (मीही हरलोय), आणि मुलाला कळतं की आवाज अजून चढवायचा असतो. अशा मुलाला हट्टी म्हणणं मला पटत नाही. ते आपलाच धडा चोख गिरवतंय.

शिकलेली भीती उतरवता येते का? मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना पिंजरा हळूहळू जवळ आणत गेले. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडायला लागला तरी पोरगं शांत. ‘घाबरू नकोस रे’ असं नुसतं समजावून हे झालं असतं, असं मला वाटत नाही.

सध्या मी टेबलाच्या पार त्या टोकाला एक संत्रं ठेवून नाश्ता करतो. घरचे हसतात. हसू देत, कालपासून ते वीतभर अलीकडे आलंय. सोलायचं अजून कुणी नाव काढू नका.