घरात वीज आहे का? ‘हो’ म्हणा!

सर्वेक्षणवाल्या ताई दारात आल्या की सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: छताकडे बघू नका. पंखा फिरतोय की नुसता लटकलाय, ही तुमच्या घरातली खासगी बाब. त्या विचारतील, “घरात वीज आहे का?” आपण म्हणायचं, “हो.” संपलं. एवढं सोपं काम आमच्या गल्लीत कसं बिघडता बिघडता राहिलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या हातून तरी देशाची आकडेवारी नासायला नको.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून संपत आला होता, पाऊस नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत येऊन परत गेल्यासारखा गायब होता. दुपारचे अडीच. मी शेजारच्या काकूंकडे बसलो होतो, कारण त्यांच्या माठातलं पाणी आमच्या माठापेक्षा गार असतं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, ओढणीनं कपाळ पुसत ताई आल्या. नावं, वयं, शिक्षण झालं आणि मग तो प्रश्न आला.

“मावशी, घरात वीज आहे?”

काकू म्हणाल्या, “आताची विचारून राह्यली का नेहमीची?”

ताई थबकल्या. “हो का नाही, तेवढंच सांगा जी.”

“सकाळी होती. मंग गेली. मंग आली. तू याच्या आंधी पाच मिनिटं होती. आता नाही. मंग काय सांगू?”

टॅबवर दोनच पर्याय. ‘येऊन-जाऊन’ असा तिसरा ठेवलेला नव्हता. ताईंनी वर भिंतीकडे पाहिलं, मीटर दिसलं, ‘हो’ दाबलं. देशाच्या टक्केवारीत काकूंचं घर बसलं. काकूंनी मात्र आयुष्यभराची सवय दाखवली: प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं. तुम्ही ही चूक करू नका.

‘वीज’ हा शब्द ताईंच्या प्रश्नांच्या यादीत कुठे बसवलाय तेही लक्षात घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या चीजवस्तूंची यादी वाचून दाखवतात. वीज आहे? गादी आहे? प्रेशर कुकर आहे? खुर्ची आहे? आता खुर्चीचं बघा. खुर्ची आहे म्हणजे आहे. ती दुपारी एक ते चार जात नाही. वारा सुटला म्हणून गादीचा एक फेज उडत नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी कुकर कमी दाबानं येत नाही. अशा इमानदार मंडळींच्या पंगतीत विजेला पहिल्या पाटावर बसवलंय, तेव्हा तिचा मान राखा आणि ती कधी कधी पानावरून उठून जाते हे चारचौघांत बोलू नका.

‘घर’ म्हणजे काय याचीही काळजी सोडा. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हा हिशेब आपल्याला आजीच्या काळापासून ठाऊक आहे. तुम्ही मागच्या खोलीत भाड्यानं राहता, मीटर मालकाच्या नावावर आहे आणि युनिटचा दर मालक मनाला येईल तसा लावतो? हरकत नाही. ‘हो.’ खांबावर आकडा टाकलाय? मग तर नक्की ‘हो’. तार कुठून आली हे त्या प्रश्नात कुणी विचारत नाही, उगाच मोकळं मन करायला जाऊ नका.

कुणाला हे सगळं फसवणुकीसारखं वाटत असेल तर त्यानं आपल्या थोरामोठ्यांकडे पाहावं. गावात वीज आली असं कधी म्हणायचं, याची आपल्याकडे सरकारी व्याख्या आहे आणि ती वाचताना मला दरवेळी नव्यानं आनंद होतो. ऑक्टोबर 1997 पर्यंत नियम असा होता: गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असेल तर अख्खं गाव विद्युतीकृत. म्हणजे शिवारात एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटार चालू, आणि गावठाणात सगळे कंदिलाच्या काचा पुसताहेत, तरी कागदावर लख्ख उजेड. मग कुणाला तरी ओशाळल्यासारखं झालं असावं. 1997 नंतर वीज निदान वस्तीच्या भागात वापरलेली असावी असं ठरलं. पुढे 2004 मध्ये आणखी सुधारणा झाली: रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि तारा गावठाणात हव्यात, दलित वस्ती असेल तर तिथेही हव्यात, शाळा-पंचायत-दवाखान्याला वीज हवी, आणि घरांपैकी निदान 10 टक्के घरांत जोडणी हवी.

दहा टक्के. हा नियम घरी वापरून पाहा, फार सोय होते. लग्नात शंभर पानं मांडली आणि दहा पानांवर जिलबी पडली की पंगत जेवली म्हणा. उरलेल्या नव्वदांना सांगा, तुमच्या गावाचं जेवण झालेलं आहे.

या व्याख्येच्या वाटेवरून 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावी वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याची घोषणा झाली. गावं संपली, राहिली घरं मोजायची. ते काम 2017 च्या सप्टेंबरातच घरोघरी जोडणी देणाऱ्या ‘सौभाग्य’ योजनेनं सुरू केलं होतं. मार्च 2019 अखेर हिशेब आला: छत्तीसगडच्या नक्षलग्रस्त भागातली 18,734 घरं सोडली तर सगळीकडे वीज. त्यानंतर सात राज्यांनी सांगितलं की आमच्याकडे आणखी जवळपास 19 लाख घरं आहेत. त्यांनी आधी जोडणीला नकार दिला होता, आता ती तयार झाली आहेत. मला हा प्रकार फार आवडतो. आपल्याकडे नवरी मुलगी नकार देते, जावई मानापमानावरून नकार देतो, पण 19 लाख घरांनी दारात आलेल्या लाईनमनला “नको बाप्पा, आम्ही अंधारातच बरे” म्हणावं आणि हिशेब जुळल्याबरोबर त्यांचा रुसवा जावा, हे योगायोगाच्याही पलीकडचं आहे. तुम्हाला कधी एखादी बेरीज जमली नाही तर न जमलेल्यांना ‘इच्छुक नसलेले’ म्हणून बाजूला काढा. मुलांच्या प्रगतिपुस्तकाला चालेल की नाही ते बघून घ्या.

आता एक गोष्ट खरोखर गंभीरपणे, कारण सगळीच थट्टा केली तर ताईंवर अन्याय होईल. आकडे खोटे नाहीत. त्याच आरोग्य सर्वेक्षणात 1992-93 साली निम्म्या, म्हणजे 51 टक्के घरांत वीज होती. 2005-06 मध्ये 68 टक्के, 2015-16 मध्ये 88 टक्के, 2019-21 मध्ये जवळपास 97 टक्के. मधल्या काळात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं 2018 च्या उत्तरार्धात विचारलं, तेव्हा 95.7 टक्के कुटुंबं निघाली. सरकारी फलकावरची शंभरी आणि या ताईंनी उन्हातान्हात दारोदार फिरून आणलेली शहाण्णव-सत्त्याण्णव, यांत ताईंच्या आकड्यावर माझा जास्त विश्वास आहे. प्रत्येक वस्तीतून बावीस कुटुंबं निवडायची आणि बंद दाराचं घर सोडून शेजारच्या उघड्या दारात शिरायचं नाही, ही शिस्त फलकाला नसते.

पण शिस्तीनं विचारलेला प्रश्नसुद्धा शेवटी प्रश्नच असतो. जनगणनेचं बघा. ती ‘वीज आहे का’ असं विचारतच नाही. ती विचारते, उजेडाचं मुख्य साधन कोणतं? वीज, रॉकेल, सौर, दुसरं तेल, आणखी काही, की काहीच नाही. 2001 मध्ये देशातल्या 55.8 टक्के घरांनी वीज सांगितली, 2011 मध्ये 67.2 टक्के. महाराष्ट्रात तेव्हा 83.9 टक्के. यात एक मेख आहे. मीटर असून ज्याची संध्याकाळ चिमणीच्या उजेडात जाते त्यानं काय सांगायचं? ‘मुख्य’ कुणाला म्हणायचं? आपल्याकडे ‘मुख्य पाहुणे’ भाषण संपेपर्यंत येत नाहीत तरी त्यांचं नाव पत्रिकेत सगळ्यात वर असतं. त्याच न्यायानं वीज सांगा.

काही लोक फार खोलात जातात, त्यांच्यापासून सावध राहा. जागतिक बँकेनं 2015 मध्ये विजेच्या पायऱ्या पाडल्या, शून्य ते पाच. दिवसाचे चार तास आणि त्यातला एक संध्याकाळचा मिळाला की पहिली पायरी. पाचवीसाठी 23 तास हवेत, आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा जायला नको आणि गेलेला सगळा वेळ मिळून दोन तासांच्या आत हवा. ही मोजपट्टी जूनच्या पहिल्या वादळानंतर आपल्या गल्लीला लावायचा मोह होईल. लावू नका. रक्तदाब वाढतो. 2020 साली दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या ऊर्जा-पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं 21 राज्यांत तास विचारले, तेव्हा सरासरी 20.6 तास भरली. उरलेले तीन-साडेतीन तास पहाटेचे की भर दुपारचे हे सरासरी सांगत नाही, आणि सरासरीला कूलर लागत नाही.

पुण्याच्या ‘प्रयास’ या विजेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं तर घराघरांत व्होल्टेज नोंदवणारी यंत्रं बसवली, दर मिनिटाला नोंद. असलं यंत्र चुकूनही घरात घेऊ नका. माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. यंत्राला भीड नाही.

नागपूरकरांना तर तक्रार शोभतच नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या आपल्या उशाशी उभ्या आहेत. राख आपण ठेवून घेतो आणि वीज राज्याला देतो, या दानशूरपणाची नोंद घ्यायला कोणत्याही सर्वेक्षणात रकाना नाही, तोवर गच्चीवरचे पापड झाकून वाळवा.

हां, तर काकू. यादी पुढे सरकत होती. खाट, टेबल झालं.

“विजेवर चालणारा पंखा?”

“हाय नं. वर काय लटकून राह्यलं?”

मग रेडिओ, टीव्ही, फ्रिज आणि त्यानंतर माझा लाडका प्रश्न: “एअर कंडिशनर किंवा कूलर?” हे दोघं एकाच ओळीत आहेत. रामदासपेठेतल्या बंगल्याचा तीन एसींचा थाट आणि काकूंचा गंजका लोखंडी कूलर, ज्याच्या ताट्या दरवर्षी नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, आधी बदलाव्या लागतात, ज्यात पाणी भरताना पायात चप्पल आहे ना हे आधी बघावं लागतं, दोघांचं उत्तर एकच. ज्या गावात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला, तिथे एवढी समता दुसरं कुणी आणून दाखवावी.

“हाय,” काकू म्हणाल्या. खिडकीतला कूलर गप्प होता. त्याच्या टाकीत एक पाल पोहत होती, तिची नोंद झाली नाही.

ताईंच्या कपाळावरून घाम थेट टॅबवर पडला आणि कुठलं तरी उत्तर आपोआप दाबलं गेलं. त्या घाईघाईनं मागे जाऊन दुरुस्त करू लागल्या. काकू उठल्या, देवळीतून कालच आलेलं विजेचं बिल काढलं, त्याची चौपदरी घडी घातली आणि ताईंना वारा घालायला लागल्या.

“लिव बाई तू,” म्हणाल्या, “सावकाश लिव.”