‘कॅमेरा कोणताही चालतो’? गोदाघाटावर लावून बघा

हौशी फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो: “कॅमेरा कोणताही चालतो, नजर हवी. झूम पायांनी करा. मोबाइल पुरतो. राहिलेलं एडिटिंगमध्ये होतं. फिल्म म्हणजे नुसतं जुन्याचं कौतुक.” महागड्या बॉडीच्या मागे लागलेल्यांना आवरायला हे ठीक. पण नजर आधी तयार होते आणि कॅमेरा नंतर हातात येतो, हे त्यातलं गृहीतकच कच्चं आहे.

“झूम पायांनी करा.” नाशिकच्या गोदाघाटावर पहिली अडचण म्हणजे मध्ये गोदावरी नदी आहे. त्याहून मोठी अडचण अशी, की पुढच्या-मागच्या वस्तूंचं प्रमाण आपण किती अंतरावर उभे आहोत त्यावर ठरतं. समोरच्या काठावरून फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १३५ मिमीची टेलि लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, लावली, तर आडवा कोन जेमतेम १५ अंश. पायऱ्या, वाळत घातलेले कपडे आणि नारोशंकराच्या देवळाचं शिखर एकावर एक रचल्यासारखं दिसतं. पायऱ्यांवरचा तोच माणूस चालत जवळ जाऊन २४ मिमीच्या रुंद कोनाच्या लेन्सने तेवढाच मोठा घ्या. कोन ७४ अंश होतो, शिखर मागे पळतं आणि आजूबाजूचे फलक चौकटीत घुसतात. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीच्या कोनाची. तिची सवय लागलेला माणूस पुढे एक मोठी वस्तू आणि मागे पसारा अशी मांडणी शोधतो. १३५ वाला थर शोधतो. टेलि लेन्स नसलेल्या फोनवर बोटांनी ताणून १३५ ची चौकट केली, तर ५० मेगापिक्सेलमधले दीडेक उरतात.

“मोबाइल पुरतो.” नाशिकमधल्या भद्रकालीच्या बाजारात पुरतो, उलट तिथे तोच बरा, माणसं अवघडत नाहीत. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नाही पुरत. उडत्या बदकाला एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर ४०० मिमी आणि किमान १/१६०० सेकंदाचं शटर लागतं. काळ्या दगडाच्या देवळांपुढे फोन वेगळाच घोळ घालतो: अनेक फ्रेम जोडून सावल्या उजळतो, कोरीव कामाची खोली सपाट होते, दगड राखाडी दिसतो. प्रो मोडमध्ये जा, रॉ (फोनने प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या, एक्सपोजर −१ करा, म्हणजे उजेड निम्मा. साध्या कॅमेऱ्याचं मीटरही काळ्या दगडाला फसतंच, पण तिथे ती एक चकती फिरवण्याची गोष्ट.

“राहिलेलं एडिटिंगमध्ये होतं.” जळून पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. शटरचंही तसंच. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी पडते तेव्हा १/१००० ला पाण्याचा थेंबन् थेंब गोठतो, १/३० ला रंगाचे पट्टे ओढले जातात. हे बटण दाबण्याआधीच ठरवायचं असतं. बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बदलत नाही, त्यामुळे उन्हात १/३० घ्यायला दाट एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काच, बांधावा लागतो. कॅमेऱ्यावर छिद्र एफ/१६ इतकं लहान करून, आयएसओ १०० आणि हलक्या एनडी४ मध्ये काम भागतं. पोर्ट्रेट मोडचा धूसरपणा आरतीच्या धुरात हमखास चुकतो, कारण धुराला कडाच नसते.

“फिल्म म्हणजे जुन्याचं कौतुक.” थोडं आहेच. पण १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर ६×६ सेंमीच्या १२ चौकटी मिळतात, आणि टीएलआरमध्ये (वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालचीने टिपायचं अशा दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात) खाली मान घालून कमरेच्या उंचीवरून बघावं लागतं. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची पातळी आपसूक मिळते. चित्र डावं-उजवं उलट दिसतं, म्हणून चालत्या माणसामागे कॅमेरा भलत्याच दिशेला वळतो. सुरुवातीला स्थिर विषय घ्या. मीटरभराच्या आत गेलात तर वरची लेन्स दाखवते त्यापेक्षा खालची वेगळं टिपते, डोक्याचा वरचा भाग कापला जातो; वर थोडी जागा सोडा. आयएसओ ४०० ची रंगीत निगेटिव्ह फिल्म असेल तर मीटर २०० वर ठेवा: तिला जास्त उजेड सोसतो, कमी पडला की सावल्या चिखल होतात.