झुडपी म्हणजे रिकामी जागा नव्हे

"काय जंगल हाय थे? दोन भराट्या अन् चार पळसं!" परवा फोनवर काकाजी तावातावानं बोलत होते. (भराटी म्हणजे काटेरी झुडूप.) पूर्व विदर्भातली ८६ हजार हेक्टरांहून जास्त झुडपी जंगलं, म्हणजे सरकारी नोंदीत 'झुडपी' म्हणून लिहिलेल्या खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनी, वनच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला ठरवलं. तेव्हापासून भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात हाच विषय. काट्याकुट्यांसाठी गावाचा विकास अडवायचा का?

मी स्पेनमध्ये वालेन्सियाला राहतो. शहराच्या दक्षिणेला, समुद्र आणि अल्बुफेरा सरोवर यांच्यामध्ये देवेसा नावाची वाळूची पट्टी आहे. १९६० च्या दशकात इमारती आणि रस्त्यांसाठी तिथल्या समुद्राकाठच्या टेकड्या सपाट केल्या. सत्तरच्या दशकात लोक चिडून उठले, काम थांबलं आणि पुढे त्या टेकड्या पुन्हा रचायला घेतल्या. वाळू यंत्रानं रचता येते, पण भूमध्य समुद्राकाठच्या वाळूतलं जुनिपर नावाचं काटेरी झुडूप तसं परत येत नाही. नर झाड वेगळं, मादी वेगळी. येरोणीएवढं (रानबोराएवढं) लालसर तपकिरी फळ पिकायला दुसरं वर्ष उजाडतं, मग पक्ष्यानं ते खाऊन बी कुठे टाकलं तर टाकलं. रोप उगवलं तरी पर्यटकांच्या पायाखाली जातं. टोचऱ्या पानांचं हे झुडूप खारा वारा अंगावर घेतं आणि त्याच्या आडोशाला बाकीचं सगळं जगतं. म्हणून युरोपीय संघाच्या १९९२ च्या निसर्ग-संरक्षण निर्देशात जुनिपरच्या टेकड्यांना अग्रक्रमाचं संरक्षण आहे. काही ठिकाणी तिथे पाईन लावले, तर त्यांच्या सावलीनंच जुनिपर मागे पडला.

आपल्याकडेही उद्या कुणी झुडपीत सागवान लावून 'जंगल केलं' म्हणेल, याची मला जास्त भीती वाटते. झुडपी आहे तशीच कामाची आहे: काटवलाचे (कर्टुल्यांचे) वेल भराटीवर चढतात. गुरं राखणारे गायकी पावसाळ्यात ढोरं तिथेच नेतात.

काकाजींचा राग खोटा नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे घर असलेल्या माणसाला अतिक्रमणदार म्हणणं अन्याय आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी दिलेल्या जमिनी नियमित करायची वाट न्यायालयानं मोकळी ठेवली आहे, ते काम आधी व्हावं. पण उरलेले तुकडे कुणाला द्यायचे, हे ठरवण्याआधी ग्रामसभेत गायक्यांना बोलवा. कोणत्या महिन्यात ढोरं कुठे चरतात, बाया काटवल कुठून आणतात, ते गावनकाशावर लिहून घ्या. काकाजी, पहिली खूण तुम्हीच करा.