उद्योजक घडवण्याची सोपी रीत

विद्यार्थ्यांच्या मनात व्यवसायाची इच्छा निर्माण करायची असेल, तर प्रथम ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ असा फलक करून घ्यावा. त्यावर साल घालू नये, म्हणजे तो दरवर्षी वापरता येतो.

हजेरी सक्तीची ठेवावी.

प्रमुख पाहुणे शक्यतो जन्मात जीएसटीचे विवरणपत्र न भरलेले निवडावेत. त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीचा दाखला अवश्य द्यावा. ती जमीन औंधच्या राजांनी दिली होती आणि वर कर्जही दिले होते, एवढे मात्र गाळावे.

दीपप्रज्वलन आणि सत्कार दीड तासात आटोपावेत, जसे ते गेल्या आठवड्यात सांगलीतल्या एका महाविद्यालयात आटोपले, जिथे मी व्यवसाय-कल्पनांच्या स्पर्धेचा परीक्षक होतो. मग तासगावकडच्या एका मुलीला तीन मिनिटे द्यावीत. ती घरच्या बेदाण्याची प्रतवारी करून पाव किलोची पाकिटे विकते, सौद्यातला दर आणि पाकिटामागे सुटणारे पैसे तिला तोंडपाठ आहेत, उधारीची वही ती सोबत घेऊन आली आहे. तिला “यात नवीन काय?” असे विचारावे आणि उत्तर सुरू होताच घंटा वाजवावी. पहिले बक्षीस ड्रोनच्या चित्राला द्यावे. नंतर जिन्यात तिने “सर, मुद्रा कर्जाला तारण लागत नाही ना? मग बँक का मागते?” असे विचारले, तर घड्याळाकडे पाहावे. मंचावरच्या आम्ही सगळ्यांनी तेच केले.

पालकांनी मुलाला आधी एमपीएससीचे चार प्रयत्न करू द्यावेत, मुलीला ‘लग्नानंतर काय ते कर’ म्हणावे.

अहो, खानापूर-आटपाडीची पोरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी थेट परराज्यांत जातात, त्यांना कोणता फलक दाखवला होता? आधी गेलेला एखादा चुलता त्यांना भट्टीजवळ बसवतो, काम शिकवतो, गाळा मिळवून देतो. आपल्यासारखाच कोणीतरी हे करतो आहे आणि आपल्यालाही जमेल, एवढे दिसले की इच्छा आपोआप होते. ती या मुलीलाही झालेली आहे. तुम्ही तिला काय दिलेत? सहभागाचे प्रमाणपत्र, तेही नाव चुकवून! लाज वाटायला हवी, आणि त्यात मीही आलो. पुढच्या वर्षी बँकेच्या शाखाधिकाऱ्याला समोर बसवा आणि त्या मुलीला हवे तितके बोलू द्या. जमत नसेल तर मला बोलावू नका.