तो ट्रायपॉड बाजूला घ्या!

दर 17 सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात हेच! मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन बघायला माणूस सकाळी उठून जातो, अन् दिसतात काय तर कॅमेरेवाल्यांच्या पाठी. मुख्यमंत्री उतरले की माईक घेऊन नुसती झुंबड, ढकलाढकली. 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीशी झुंजलेल्यांतली जी थोडी थकलेली माणसं उरलीत, त्यांच्या खुर्च्यांपुढंच ट्रायपॉड! चीड येते हो. आणि विचारतात काय? युती टिकणार का, अमुक नाराज आहे का. ते मुंबईत रोज विचारताच की! इथं जायकवाडीच्या पाण्याचं विचारा. त्या म्हाताऱ्यांजवळ बसा, रझाकारांच्या काळात गावात काय घडलं ते त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा. नव्वदी ओलांडलेली माणसं आहेत ती, अजून किती वर्षं थांबतील तुमच्यासाठी?